विश्लेषण : बॅकअप आटोपशीर केला, पण डेटा परत येणार का?

दक्षिण कोरियातील डेजॉन शहरात २६ सप्टेंबर २०२५ रोजी सरकारी डेटा सेंटरला आग लागली आणि ७०९ सरकारी यंत्रणा बंद पडल्या. सरकारी कर्मचारी कामाची कागदपत्रे ज्यात ठेवत, ती ‘जी-ड्राइव्ह’ यंत्रणा तर नष्टच झाली. तिच्यातील सुमारे ८५८ टेराबाइट डेटाचा अन्यत्र बॅकअप नव्हता. साठा फार मोठा असल्याने बॅकअप ठेवता आला नाही, असे कारण देण्यात आले. त्यामुळे एक प्रश्न पुन्हा पुढे आला आहे.

आकार कमी करता येत नाही का?

येतो. त्यालाच कॉम्प्रेशन म्हणतात. डेटाबेसमध्ये गावांची नावे, तारखा, रिकामे रकाने अशी तीच ती माहिती हजारो वेळा येते. कॉम्प्रेशन ती एकदा लिहून पुढे फक्त तिची खूण ठेवते. अशा डेटाबेसचा बॅकअप मूळ आकाराच्या निम्म्याहूनही लहान होऊ शकतो. छायाचित्रे, व्हिडिओ आणि आजच्या बहुतेक ऑफिस फाइली मात्र आधीच कॉम्प्रेस केलेल्या असतात. तिथे फारशी बचत होत नाही. एन्क्रिप्ट केलेला डेटाही जवळपास आक्रसत नाही. म्हणून क्रम महत्त्वाचा : आधी कॉम्प्रेशन, मग एन्क्रिप्शन.

मग किंमत कुठे मोजावी लागते?

प्रोसेसर आणि वेळ यांत. ‘जीझिप’ ही जुनी, सर्वत्र चालणारी पद्धत तुलनेने संथ आहे. ‘एलझेड-फोर’ वेगवान, पण फाइल थोडी मोठी ठेवते. ‘झेड-स्टँडर्ड’ या दोहोंचा मेळ घालते. पोस्टग्रेस डेटाबेसच्या १६व्या आवृत्तीपासून (२०२३) त्याच्या ‘पीजी-डम्प’ या बॅकअप साधनात तिन्ही पर्याय मिळतात. आणखी एक धोका म्हणजे संपूर्ण बॅकअप एकाच कॉम्प्रेस्ड फाइलमध्ये असेल आणि ती मध्येच खराब झाली, तर पुढचा भाग वाचणे अवघड होते. बॅकअपचे अनेक फाइलींत भाग केले, तर रिस्टोअरही एकाच वेळी अनेक प्रोसेसरवर चालवता येते.

खरी कसोटी कोणती?

रिस्टोअर. ३१ जानेवारी २०१७ रोजी ‘गिटलॅब’ या संकेतस्थळाचा मुख्य डेटाबेस कर्मचाऱ्याच्या चुकीने पुसला गेला. ‘पीजी-डम्प’ची आवृत्ती जुळत नसल्याने रोजचे बॅकअप फसत होते आणि त्याचे इशारे देणारे ईमेल कोणापर्यंत पोहोचत नव्हते. अखेर चाचणीसाठी सहा तासांपूर्वी घेतलेली प्रत कामी आली. पण ती संथ डिस्कवर होती, त्यामुळे संकेतस्थळ सुमारे १८ तास बंद राहिले. त्या सहा तासांतील नोंदी गेल्या त्या गेल्याच.

काय करायला हवे?

बँक असो, रुग्णालय असो की महापालिका, तीन गोष्टींना पर्याय नाही. बॅकअपची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी हवी. फाइल अचानक लहान झाली, तर इशारा मिळायला हवा. कारण तो चांगल्या कॉम्प्रेशनचा नव्हे, अर्धवट बॅकअपचा परिणाम असू शकतो. आणि ठरावीक काळाने वेगळ्या सर्व्हरवर संपूर्ण रिस्टोअर करून घड्याळ लावून वेळ मोजायला हवा. कॉम्प्रेशनची पद्धत त्या वेळेवरून ठरवावी, फक्त वाचलेल्या जागेवरून नव्हे.