पाचट जाळावें कीं कुजवावें?

ऊसतोड संपली कीं आमच्या भागांत रात्रीं शिवारें पेटलेलीं दिसतात. ऊस कारखान्याकडे जातो आणि मागें राहिलेल्या पाचटास काडी लागते. आमच्या शाळेचे पुष्कळ विद्यार्थी ऊस पिकविणाऱ्या घरांतून येतात. म्हणून या विषयावर चार शब्द लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें.

पाचट जाळल्यानें शेत लौकर मोकळें होतें, हें खरें. मजूर मिळत नाहींत, ही अडचणही खोटी नव्हे. परंतु त्या एका रात्रींत काय गमावलें, याचा हिशेब कोणी करतो काय? पाचटांतील बहुतेक नत्र धुरावाटे निघून जातें आणि वरच्या थरांतील उपकारक जीवजंतु होरपळतात. मग तेंच नत्र आपण युरियाच्या गोणींतून विकत आणतों! तो युरिया करण्यास नैसर्गिक वायु खर्च होतो. आणि पिकानें न घेतलेल्या नत्राचा कांहीं अंश नायट्रस ऑक्साइड होऊन हवेंत जातो. शंभर वर्षांच्या हिशेबानें हा वायु वजनास वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारें २७० पट उष्णता कोंडून धरतो. पाऊस लहरी झाला म्हणून आपण आकाशाकडे बोट दाखवितों. त्या दोषांत आपलाही वांटा आहे.

यावर उपाय नवा नाहीं. इंदूर येथें १९२४ ते १९३१ या काळांत आल्बर्ट हॉवर्ड यांनीं काडीकचरा, शेण, गोमूत्रानें भिजलेली माती व राख यांचे थर रचून सुमारें तीन महिन्यांत उत्तम खत करण्याची रीत बसविली. त्यांचे सहकारी यशवंत वाड यांच्यासह त्यांनीं १९३१ सालीं त्यावर ग्रंथही प्रसिद्ध केला. पाचट तर शेताबाहेर नेण्याचेंही कारण नाहीं. तें सरींत पसरून कुजूं दिलें, कीं ओल टिकते व तण कमी होतें. कुजतांना बराच कर्ब हवेंत जातोच. पण कांहीं अंश ह्यूमसरूपानें जमिनींत राहतो. सर्व हवा व सर्व वनस्पती यांत मिळून जितका कर्ब आहे, त्याहून अधिक जगाच्या मातींत सांठलेला आहे. ती कोठी रिती करणें शहाणपणाचें नव्हे.

मात्र रासायनिक खतें एका दिवसांत बंद करा, असें आम्ही म्हणत नाहीं. श्रीलंकेनें २०२१ मध्यें तसें करून पाहिलें. भाताचें पीक घटलें आणि त्याच वर्षीं हुकूम मागें घ्यावा लागला. जमिनीचा कस गेला तसाच तो हळूहळू परत आणावा लागतो.

आमच्या आवारांतील पानांचा ढीगही आजवर पेटविला जात असे, हें सांगतांना आम्हांस संकोच वाटतो. दुसऱ्यास उपदेश करण्यापूर्वीं तेथें खताचा खड्डा खणला जावा, अशी आमची विनंती आहे. आणि विद्यार्थिमित्रांनो, यंदा खोडव्याचें एक तरी एकर न जाळतां राखण्याचा आग्रह तुम्ही घरीं वडिलांजवळ धरा. पुढील हंगामीं दोन्ही तुकड्यांतील माती मुठींत घेऊन पाहा. तिचें उत्तर आमच्या लेखाहून अधिक पटेल.