तेरा दिवसांचें घर

मृत्यु झालेल्या घरांत दोन आवाज असतात. एक रडण्याचा, तो शेजाऱ्यापाजाऱ्यांना ऐकूं जातो, आणि तो जावा अशीच अपेक्षा असते. दुसरा दबक्या बोलण्याचा. तो माजघराच्या दाराआड राहतो. कपाटाची किल्ली कोणाकडे आहे, गेल्या दिवाळीला कोण फिरकलें नव्हतें, आजारपणांत उशाशीं कोण जागलें आणि कोण नुसतें फोनवर चौकशी करीत राहिलें, हे प्रश्न दहावा उजाडण्यापूर्वींच त्या घरांत फिरूं लागतात. आपण सुशिक्षित मंडळी हा दुसरा आवाज उंबऱ्याबाहेर जाऊं देत नाहीं. म्हणूनच तो केवळ आपल्याच घरीं उठतो असें प्रत्येकाला वाटत राहतें.

ही समजूत दूर करणारा ‘रामप्रसाद की तेहरवी’ हा हिंदी चित्रपट आम्हीं घरच्या लहानथोर मंडळींनीं मिळून पाहिला. २०१९ सालीं मुंबईच्या चित्रपटमहोत्सवांत तो दाखविला गेला आणि १ जानेवारी २०२१ रोजीं चित्रगृहांत आला. लेखन व दिग्दर्शन सीमा पाहवा यांचें. १९८४ सालीं दूरदर्शनवर सुरू झालेल्या ‘हम लोग’ मालिकेंतील ‘बडकी’ ज्यांना आठवते, त्यांना या बाईंची निराळी ओळख करून द्यावयास नको. दिग्दर्शनाचा हा त्यांचा पहिलाच प्रयत्न.

कथा लखनौच्या एका जुन्या घरांतली. घरचे कर्ते पुरुष बाऊजी निवर्ततात. ही भूमिका नसीरुद्दीन शाह यांची. बातमी कळतांच गांवोगांव पांगलेले मुलगे, मुली, सुना, जावई, नातवंडें असा सारा गोतावळा गोळा होतो. दिवस थंडीचे. पांघरुणें अपुरीं, निजावयास जागा अपुरी, स्नानगृहापाशीं रांग. वडील गेल्याचें दुःख खरेंच असतें. पण सकाळीं चहा वेळेवर मिळाला नाहीं तर राग येतो तोही खराच असतो. दिग्दर्शिकेनें एकासाठीं दुसरें लपविलें नाहीं, आणि चित्रपटांतील विनोदाचें मूळ याच प्रामाणिकपणांत आहे. समाचाराला आलेल्यांसमोर डोळे पुसणारा मुलगा पाठ वळतांच भावाशीं हुज्जत घालूं लागतो, तेव्हां आपण हंसतों, आणि हंसतां हंसतां शेजारीं बसलेल्या आपल्या भावाकडे पाहण्याचें टाळतों.

या गोष्टीला तेरा दिवसांची चौकट आहे, हें विसरून चालणार नाहीं. उत्तरेकडील तपशील निराळे असले तरी मर्म आपल्याकडचेंच. आपल्याकडे पहिल्या दिवशीं चूल पेटत नाहीं. पिठलें-भात शेजारून किंवा सोयऱ्यांकडून येतो. दहा दिवस सुतक. दहाव्याला घाटावर पिंड ठेवून कावळ्याची वाट पाहावयाची, आणि तो शिवेनासा झाला कीं मृताची कोणती इच्छा राहिली याचे तर्क करीत सर्वांनीं उभें राहावयाचें. बाराव्याला सपिंडी, आणि तेराव्याला गोडाचें जेवण होऊन घर पुन्हा व्यवहाराला लागतें. लग्नामुंजीस माणसें अर्धा दिवस येतात, नवीं वस्त्रें नेसून गोड बोलतात व निघून जातात. मृत्यु मात्र त्यांना तेरा दिवस एका छपराखालीं बसवितो. एवढ्या मुदतींत कोणाचाही मुखवटा टिकत नाहीं. पूर्वजांनीं हा हेतु धरला होता कीं नव्हता, याचा निर्णय शास्त्रज्ञांनीं करावा. पण पांगलेल्या घराला आपलें खरें स्वरूप पाहण्याची याहून निराळी संधि क्वचितच मिळते.

सुतकाचा असाच उपयोग राजेश मापुसकर यांनीं २०१६ सालच्या ‘व्हेंटिलेटर’ या मराठी चित्रपटांत केला आहे. तेथें वडीलधारा माणूस मुंबईच्या रुग्णालयांत यंत्राच्या आधारानें श्वास घेत असतो, गांवाकडचे नातलग लोटलेले असतात, आणि गणपति तोंडावर आलेला असतो. आतां मृत्यु झाला तर सुतक येईल, मग गणपतीचें काय, ही चिंता माणसाच्या चिंतेइतकीच मोठी होऊन बसते. त्या चित्रपटाच्या दिग्दर्शनास राष्ट्रीय पारितोषिक मिळालें. दोन्ही चित्रपटांतील नातलग दुष्ट नाहींत. ते आपल्यासारखे आहेत, आणि बोचतें तें हेंच.

लखनौच्या घरांत भांडणाला निमित्तें पुष्कळ मिळतात. वडिलांनीं कर्ज करून ठेवलें आहे असें कळतें, तें कोणी फेडावें? धाकटी सून मुंबईची, तिच्याविषयीं स्वयंपाकघरांत काय बोलावें आणि काय बोलूं नये? पण या सर्वांच्या तळाशीं पैसा आहे असें मला वाटत नाहीं. प्रत्येक अपत्याचा बापाशीं एक हिशेब असतो. ‘माझ्यासाठीं त्यांनीं काय केलें?’ हा प्रश्न बाप जिवंत असतां कोणी विचारीत नाहीं. तो गेल्यावर ती वसुली भावंडांकडून करावयास सारीं सरसावतात. देणें देणारा निघून गेलेला असतो, आणि मागणारे एकमेकांनाच देणेकरी समजूं लागतात.

या गलबल्यांत अम्मा बसलेली असते. सुप्रिया पाठक यांनीं ही भूमिका अतिशय संयमानें केली आहे. ‘आतां आईचें काय?’ हा प्रश्न मुलें एकमेकांना विचारतात, सुना नवऱ्यांना विचारतात. अम्मेला मात्र तो कोणी विचारीत नाहीं.

येथें मला चित्रपट क्षणभर दिसेनासा झाला. आमचे वडील वारले तेव्हां बाराव्याच्या रात्रीं आम्ही चौघें भावंडें माजघरांत बसलों होतों. घरांतला हिशेबनीस मी, म्हणून कागद-पेन्सिल माझ्या हातीं. कोणाचें घर लहान, कोणाच्या मुलाची परीक्षा, कोणाची बदली होण्याचा संभव, असा सर्व विचार करून आम्हीं वर्षाचे चार भाग पाडले. आईनें प्रत्येकाकडे तीन तीन महिने राहावें असें ठरलें. एकही कठोर शब्द न बोलतां हें पार पडलें, याचा आम्हांला अभिमान वाटला. दुसऱ्या दिवशीं जेवणें आटोपल्यावर आईनें तो कागद मागून घेतला, चष्मा लावून सावकाश वाचला आणि म्हणाली, “अरे, सगळ्यांचीं नांवें आहेत, माझें तेवढें दिसत नाहीं.”

ती रागावली नव्हती. म्हणूनच आम्हां चौघांनाही उत्तर सुचलें नाहीं. पुढें ती सहा वर्षें त्याच घरांत, खालच्या बिऱ्हाडाच्या सोबतीनें, आपल्या तुळशीपाशीं राहिली. आम्हीं ठरविलेल्या पाळ्या मोडल्या नाहींत. फक्त तिनें आमच्याकडे येण्याऐवजीं आम्ही तिच्याकडे जाऊं लागलों. तो कागद अद्याप माझ्या पेटींत आहे.

अम्मा शेवटीं काय करते तें येथें सांगून वाचकांचा रसभंग करीत नाहीं. ती आपल्यापुरता निर्णय आपण घेते, एवढें सांगणें पुरे. चित्रपटांत उणीवा आहेत. पात्रांची इतकी दाटी आहे कीं कोण कोणाचा मुलगा हें ध्यानांत येईपर्यंत बराच वेळ जातो, आणि कांहीं नातवंडें नुसती गर्दी वाढविण्यास आलेलीं दिसतात. पण खऱ्या तेराव्यालाही कांहीं माणसें कोणाचीं कोण हें अखेरपर्यंत कळत नाहींच!

आमच्या घरीं हा चित्रपट पाहतांना सर्वांत अधिक हंसल्या त्या आमच्या वृद्ध काकू. पदरानें डोळे पुसून त्या म्हणाल्या, “हें सगळें मीं दोनदां पाहिलें आहे. तिसऱ्या वेळीं पाहावयास मी नसेन.” क्षणभर कोणी बोललें नाहीं. मग माझ्या सुनेनें त्यांच्या शेजारीं बसून सरळ विचारलें, “काकू, तुम्हांला कुठें राहायला आवडतं?”

काकूंनीं उत्तर द्यावयास बराच वेळ घेतला. असा प्रश्न त्यांना पूर्वीं कोणी विचारला नसावा.