बाहुलीला जात नसते, गिऱ्हाइकाला असते



हुबेहूब बाईसारखी दिसणारी, बोलणारी, शय्यासोबत करणारी बाहुली परदेशात विकली जाते. मोबाईलमधली गोडबोली 'मैत्रीण' तर आपल्याकडेही पोचली आहे. यावर एक शहाणा म्हणतो, संस्कृती बुडाली. दुसरा म्हणतो, ज्याचा त्याचा खाजगी प्रश्न. पण इतके पुरुष एकटे का पडले, हे दोघेही विचारत नाहीत.

उत्तर पन्हाळ्यात आहे. २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८३९ मुली होत्या. पन्हाळा तालुका त्याहूनही खाली. शाहूंच्या जिल्ह्यात सोनोग्राफी यंत्रांवर 'सायलेंट ऑब्झर्व्हर' बसवावे लागले! २०११ ला आकडा ८६३ वर गेला. मारलेल्या लेकी काही परत आल्या नाहीत. तेव्हाची ती मुलं आज लग्नाला आली आहेत. मुलगी मिळत नाही म्हणून घर रडतं, पण स्थळ मात्र पोटजात बघूनच शोधतं.

बाबासाहेबांनी १९१६ सालीच कोलंबिया विद्यापीठात 'कास्ट्स इन इंडिया' या निबंधात हे गणित मांडलं होतं. जातीबाहेर लग्न बंद केलं की जातीत कधी बाई उरते, कधी पुरुष. उरलेल्या बाईला जाळलं, नाहीतर विधवा म्हणून कोंडलं. उरलेल्या पुरुषासाठी अजाण पोर आणली. आता त्याच्यासाठी सिलिकॉनची बाई येते आहे. माल नवा, काम जुनंच: जातीची भिंत शाबूत ठेवणं.

बाहुली 'नाही' म्हणत नाही, हाच तिचा खपाचा गुण. पण नकार नसलेली बाई कंपनीने शोधली काय? देवाला सोडलेल्या जोगतिणीच्या नकाराला कुणी विचारत होतं? आणि त्या बहुतेक कुठल्या वस्तीतून जात होत्या?

एकट्या माणसाची टिंगल करू नका. त्याचं दुःख खरं आहे. पण त्या दुःखावर यंत्र हेच उत्तर मानलं, तर गर्भात मारलेल्या लेकींचा हिशेब कुणीच देणार नाही.

जात मोडायचा खरा उपाय आंतरजातीय विवाह, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये बजावलं. शाहू महाराजांनी तर आपल्या संस्थानात तशा विवाहांसाठी कायदाच केला होता. मग आज जातीबाहेर लग्न करणाऱ्या पोरापोरींना लपून का राहावं लागतं? त्यांच्या पाठीशी उभे राहा. आणि सुरुवात आपल्याच घरातल्या पोटजातीपासून करा.

नकार देऊ शकणाऱ्या माणसाचा होकार मिळवणं, यालाच समता म्हणतात. ती विकत मिळत नाही.

जय भीम!