पदकं २९, पण खेळाच्या तासाला मूल वर्गातच

२०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये भारताने २९ पदकं जिंकली. टोकियोत १९ होती. सांगली जिल्ह्याच्या सचिन खिलारीने गोळा १६.३२ मीटर फेकून रौप्य आणलं. मुबारकबाद द्यायलाच हवी. पण आम्हा शिक्षकांना रोज दिसतं ते वेगळंच. खेळाच्या तासाला दिव्यांग मुलाला दप्तरं सांभाळायला बसवतात. तेही दया म्हणून, बरं का!

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ३० अशा मुलांना खेळात सामील करून घेण्याची जबाबदारी सरकारवर टाकतं. शाळेपर्यंत ते पोहोचलेलं नाही. मोहल्ल्यातल्या बऱ्याच शाळांना धड मैदान नाही, हेही कबूल. मात्र अंधांच्या क्रिकेटला खुळखुळणारा चेंडू लागतो, स्टेडियम नाही. बोशिया तर व्हीलचेअरवर बसून हॉलमध्येही खेळतात.

आणि आपण घरचे? मुलीच्या रिश्त्याला अडचण नको म्हणून दिव्यांग प्रमाणपत्रच काढत नाही. मग सवलत, शिष्यवृत्ती सगळंच अडतं.

पुढच्या पालकसभेत खेळाच्या सरांना एवढंच विचारा: तुमच्या तासाला आमचं मूल कुठे असतं?