फोनचा विमा घेताना

फोन पडून काच फुटली की कारागिराचा निम्मा धंदा थांबतो. ऑर्डरी आणि पैसे दोन्ही त्यावरच येतात. म्हणून विक्रेत्याने पुढे केलेला 'विमा' आपले बांधव न वाचताच घेतात. आमच्या मते आधी जाड, उंच कडांचे कव्हर घ्यावे. काच बहुधा कोपऱ्यावर आपटूनच फुटते. विम्यातील गररबाबत, म्हणजे अनिश्चिततेबाबत, आलिमांचा सल्ला घ्यावा. त्यानंतरही घ्यायचाच ठरला, तर ती विमा कंपनीची पॉलिसी आहे की दुकानाची नुसती योजना, हे विचारावे. पॉलिसीबाबत कंपनीने दाद न दिल्यास विमा लोकपालांकडे विनामूल्य तक्रार करता येते. दुकानी योजनेला ते दार बंद; तेथे ग्राहक आयोगच गाठावा लागतो. पक्के बिल मात्र दोन्हीकडे लागते.