चौदा किलोमीटरांचा हिशेब

गेल्या पंधरवड्यात चार तरुण एक कागद घेऊन आमच्याकडे आले. चौघेही बेळगाव जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांची मुले. हिमाचलमधील लाहौल-स्पितीत चंद्रताल नावाचे सरोवर आहे, तिथवर सायकलने जायचा त्यांचा बेत. सायकल म्हणजे आपली दूध घालायची नव्हे, जाड टायरांची नि पुष्कळ गिअरांची, जिला माऊंटन बाईक म्हणतात ती. कागदावर लिहिले होते : बातल ते चंद्रताल चौदा किलोमीटर, चढ तीनशे मीटर, प्रवास मध्यम. सकाळी मनालीला उतरायचे, गाडीने दिवसभरात बातल गाठायचे, दुसऱ्या दिवशी सरोवर पाहून परत. एकूण दोन दिवस.

बेत आम्हांला आवडला. शेतकऱ्याच्या मुलाने शेताबाहेरचे जग पाहू नये असे म्हणणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. पण कागदावरचा हिशेब किलोमीटरांचा होता, आणि तिकडे हिशेब धरायचा तो रात्रींचा. प्रत्येक रात्री आपण किती उंचीवर झोपतो, यावर सारे अवलंबून असते.

आकडे पाहा. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर, मनाली २,०५० च्या आसपास, बातल जवळजवळ ४,००० आणि चंद्रताल सुमारे ४,२५० मीटर. गोव्याच्या किनाऱ्यावर एका श्वासात जेवढा प्राणवायू मिळतो, त्याच्या जेमतेम साठ टक्के त्या सरोवराकाठी मिळतो. शरीर याची सवय करून घेते, नाही असे नाही. श्वास वाढतो, मूत्रपिंडे आपले काम बदलतात, रक्तातल्या तांबड्या पेशी हळूहळू वाढतात. पण या सगळ्याला दिवस लागतात, आणि नांगर धरणाऱ्या दणकट गड्याला कमी लागतात असेही नाही. उलट दणकट गडी जोरात चढतो आणि आधी आडवा होतो.

हे आम्ही ऐकीव सांगत नाही. २०२२ च्या सप्टेंबरात आम्ही पाच जण असेच मनालीहून एका दिवसात बातलला गेलो. २०२० साली रोहतांगखालचा अटल बोगदा खुला झाल्यापासून तो पल्ला फार सोपा वाटतो. डोंगराच्या पोटातून नऊ किलोमीटर गेले की पलीकडे लाहौल. रस्ता सुधारला, आमची फुप्फुसे मात्र होती तीच राहिली. त्या रात्री डोके असे ठणकले की उशीला टेकवेना. दोघांना वांत्या झाल्या, जेवण कुणालाच गेले नाही. पहाटे सायकली गाडीवरून खालीसुद्धा न काढता परतलो. चौदा किलोमीटरांवरचे सरोवर त्या खेपेस पाहिलेच नाही.

डॉक्टर मंडळींचा साधा नियम आहे : तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त चढवू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस मुक्काम हलवू नये. त्याप्रमाणे आम्ही मुलांचा कागद पुन्हा मांडला. मनालीत दोन रात्री, सिस्सू किंवा कोकसरला दोन, छतरूला दोन, मग बातल. बातलला पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सरोवर, आणि रात्री पुन्हा बातललाच मुक्काम. मधल्या दिवसांत रिकामे बसायचे नाही, जवळपास थोडी सायकल चालवायची, थोडे वर चढून झोपायला खाली यायचे. दोन दिवसांचे आठ-नऊ दिवस झाले. घरून जाण्यायेण्याचे वेगळे.

"एवढे दिवस कोण सोडणार?" एकाने विचारले. प्रश्न रास्त आहे. भातवाल्याला जूनपासून उसंत नसते. पण भांगलण आटोपल्यावर आणि कापणी लागण्याआधी सप्टेंबरात थोडी फट असते, आणि तिकडेही तेव्हा पाऊस ओसरलेला असतो. जुलैत जाऊच नये असे आमचे मत. २०२३ च्या जुलैत पावसाबर्फाने रस्ते बंद होऊन अडीचशेहून अधिक पर्यटक चंद्रतालला काही दिवस अडकून पडले होते. फट लहान आहे म्हणून प्रवास कोंबायचा, हे आम्हांला पटत नाही. आठ दिवस निघत नसतील तर कमी उंचीवरची जागा निवडावी.

आता एक गोष्ट, जी नकाशावर बोट ठेवल्याशिवाय ध्यानात येत नाही. चंद्रतालला कुणी आजारी पडला तर उपाय एकच, खाली उतरणे. डोकेदुखी, मळमळ, चक्कर ही सुरुवात. बसल्या जागी धाप लागली, खोकल्यातून फेस आला, सरळ रेषेत पावलापुढे पाऊल टाकता येईना किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर सकाळची वाट पाहू नये. पण खाली म्हणजे कुठे? काझाला दवाखाना आहे म्हणून त्या बाजूला निघाल, तर आधी कुंझुम खिंड चढावी लागते, ती साडेचार हजार मीटरवर. आजारी माणसाला आणखी वर नेणे झाले ते. उतरायचे ते बातलवरून छतरूकडे. त्यासाठी सोबतची गाडी बातलला थांबवून ठेवलीच पाहिजे. भाडे वाचवण्याची जागा ही नव्हे. ज्यांना हृदयाचा किंवा दम्याचा विकार आहे, रक्त कमी आहे, त्यांनी निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे. गोळ्याही त्यांच्याच सल्ल्याने घ्याव्यात.

सरोवराच्या दिवशी पहाटे निघावे. वाटेत हिमाचे पाणी घेऊन येणारे नाले आडवे येतात. सकाळी ते घोटाभर असतात, दुपारी ऊन तापले की फुगतात. म्हणून परतीची वेळ घरीच ठरवावी. सरोवर दिसो वा न दिसो, त्या वेळेला सायकल वळवावी. टायरांतली हवाही थोडी कमी करावी. बाहेरच्या हवेचा दाब घटल्याने खाली भरलेले टायर वर अधिक टणक होतात आणि दगडांवरून उडतात.

गाड्या थांबतात तिथेच सायकलीही ठेवाव्यात आणि पुढचे किलोमीटरभर पायी जावे, हा आमचा आग्रह. सरोवर सुमारे १२० एकरांचे, २००५ पासून रामसर यादीतले. काठाच्या कुरणात चक्रवाक उतरतात, उन्हाळ्यात गद्दी धनगर मेंढ्या घेऊन येतात. ते गवत वर्षातून मोजके महिनेच वाढते. ओल्या बांधावरून चाक गेले की पुढच्या पावसात तिथेच ओघळ पडतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. दुसऱ्याचे चराऊ रान तेही.

(तिथली चंद्रा नदी पुढे भागेला मिळून चंद्रभागा होते. पंढरपूरची ती वेगळी, हे मुलांना सांगावे लागले.)

चौघांपैकी एकाची म्हैस सप्टेंबरात व्यायची आहे, तेव्हा तो यंदा नाही म्हणाला. बाकीचे तिघे कागद परत घेऊन गेले आहेत. बातलला गाडी थांबवण्याचे भाडे तिघांत कसे बसते ते पाहून येतो म्हणाले.