डोळ्यांनी शिकलेली इंग्रजी

शेक्सपिअरच्या शोकांतिकेवर दहा पाने लिहिणारा आमचा एम. ए.चा विद्यार्थी पुण्यातील चर्चासत्रात तोंड उघडत नाही. त्याला विषय ठाऊक नसतो असे नव्हे. वक्ता काय बोलला, हेच त्याने नीट ऐकलेले नसते. याला 'ग्रामीण न्यूनगंड' म्हणून मोकळे होण्याची प्रथा आहे. आम्हांस ती मान्य नाही.

खानदेशी कान मुळीच मंद नाही. धुळ्याकडचा मुलगा घरी अहिराणी, वर्गात प्रमाण मराठी आणि बाजारात हिंदी बोलतो. यावल-रावेरकडे लेवा बोली, सातपुड्यात पावरी. 'काय करी ऱ्हायना'वरून 'काय करतो आहेस'वर तो सहज येतो. जळगावच्या विद्यापीठाला २०१८पासून ज्यांचे नाव आहे त्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी कागदावर उतरवली ती इतरांनी. अशा मुलखात इंग्रजी मात्र आम्ही केवळ डोळ्यांनी शिकवली. राज्यातील मराठी शाळांत ती २०००पासून पहिलीत आली, तरी बहुतांशी फळ्यावरच राहिली. महाविद्यालयात आम्ही कवितेची ओळ वाचतो आणि लगेच मराठीत अर्थ सांगतो. मग विद्यार्थी ओळ ऐकत नाही, अर्थाची वाट पाहतो.

इंग्रजीत आघात फार महत्त्वाचा. 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या अक्षरावर, 'फोटोग्राफी'त दुसऱ्यावर. जोर हलला की उरलेले स्वर आक्रसतात. पुस्तकात पाहिलेला सबंध शब्द विद्यार्थी शोधत राहतो, तोवर वाक्य निघून गेलेले असते. शिवाय 'हाउएव्हर' म्हणताच युक्तिवाद वळणार, हे ओळखावे लागते. कीर्तनाच्या श्रोत्याला हे कौशल्य नवे नाही: बुवा निरूपणातून दृष्टांताकडे वळले की त्याला ते आपोआप उमगते.

यासाठी महागडी भाषा-प्रयोगशाळा लागत नाही. (आमच्या पाहण्यातील एक कायम कुलपात असते. असो.) शिक्षकाने पाच मिनिटे इंग्रजीत बोलावे, विद्यार्थ्यांनी काहीही न लिहिता ऐकावे, शेजाऱ्याला त्यातला मुद्दा इंग्रजीत सांगावा आणि मग एक प्रश्न विचारावा. उच्चार खानदेशी राहिला तरी बिघडत नाही. आघात तेवढा जपावा.

आम्ही हे करून पाहिले. पहिल्या आठवड्यात वर्गापेक्षा आम्हीच अधिक अडखळलो. मराठीच्या आधाराविना सलग पाच मिनिटे बोलण्याची सवय आम्हांलाही उरली नव्हती. तिसऱ्या आठवड्यात शिरपूरकडची एक मुलगी उठून म्हणाली, "सर, बट व्हाय?" उत्तर आम्हांस इंग्रजीतच द्यावे लागले.